माळेचा भाव
(अकोला येथे भगिनी मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



बाहेर टेबलावर ज्या माळा आणि कानातली मांडली आहेत, त्यांच्याविषयी बोलायला मला सांगितले आहे. नुसते मेळघाटाविषयी बोला म्हटले असते तर सोपे गेले असते. मेळघाट म्हटले की आपल्याला कुपोषण आठवते, डोळे भरून येतात आणि हात पाकिटाकडे जातो. आज पाकीट उघडू नका असे मी म्हणणार नाही. डोळे कोरडे ठेवून उघडा, एवढीच विनंती आहे.

या माळा करणाऱ्या बाया कोरकू आहेत. काही धारणी तालुक्यातल्या, तर काही व्याघ्र प्रकल्पातून उठून आपल्याच जिल्ह्यात अकोट-तेल्हाऱ्याकडे वसवलेल्या गावांतल्या. कोरकू भाषा मराठीच्या नात्यातली नाही, ती मुंडा कुळातली. त्यामुळे शिकवताना माझ्या तोंडापेक्षा हातच जास्त चालतात, आणि मणी ओवण्याच्या कामात ते बरेच आहे.

प्लास्टिकची पाच पाकळ्यांची फुले तुम्ही पाहिलीत. फुलाच्या मधोमध भोक असते. नुसते ओवले तर फूल आडवे पडते आणि माळ बटणांची दिसते. म्हणून तंगूस खालून वर काढायचा, त्यात एक बारीक पिवळा मणी घ्यायचा आणि तंगूस पुन्हा त्याच भोकातून खाली न्यायचा. तो मणी वर अडकून बसतो, फुलाला केसर येते आणि फूल तोंड वर करून राहते. सांगायला दोन वाक्ये लागली, पण एका माळेत असे तीस-चाळीस वेळा करावे लागते. साच्यातून आलेल्या काही फुलांची भोके बुजलेली असतात, ती गरम सुईने मोकळी करायची. शेवटच्या गाठीवर नेलपॉलिशचा थेंब द्यायचा, पण फुलाला लागू द्यायचा नाही, नाहीतर चकाकी जाते. मणी घेतानाही परीक्षा असते. ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून पाहायचे. रंग फडक्याला आला तर तो घामाने गळ्यालाही येणार. एका दुकानदाराने आम्हाला असा किलोभर माल दिला होता. तेव्हापासून फडके पिशवीतच असते, आणि माझ्याआधी बायाच ते बाहेर काढतात.

मला नेहमी विचारतात, "ताई, आदिवासी बायांनी प्लास्टिक कशाला वापरायचे? बियांच्या, लाकडाच्या माळा करा ना." विचारणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण प्रश्न मला पटत नाही. मणी ही पूर्वीपासून बाजाराचीच वस्तू. नागपूरजवळ माहुरझरीला प्राचीन काळी अकीक आणि कार्नेलियनचे मणी घडत, ते काही तिथल्याच लोकांनी घालण्यासाठी नव्हते. काचेचे मणीही व्यापाऱ्यांच्या गोणीतूनच डोंगरात गेले. होळीच्या आधी धारणीच्या बाजारात जाऊन पाहा, कोरकू बाई स्वतःसाठी कोणता रंग उचलते ते. होळी हा त्यांचा सर्वांत मोठा सण. तिला लाल, पिवळे, हिरवे, चमकणारे हवे असते. आपल्या दिवाणखान्याला शोभावे म्हणून तिने मातकट रंग का निवडावा? प्लास्टिकचे दोष मला ठाऊक आहेत. उन्हात ते विटते, कडक होते. लहान लेकराच्या गळ्यात तर मुळीच घालू नका, तुटून मणी तोंडात गेला तर जिवावर बेतेल. कापलेले तुकडे आम्ही डब्यात जमा करतो, जंगलात टाकत नाही.

आता भावाचे बोलू. मागच्या वेळी टेबलापाशी एक बहीण म्हणाल्या, "अवं बाई, हे त बजारात पन्नास रुपयाले भेटते." खरे आहे, यंत्रावर ओवलेली मिळते. पण आपल्या माळेचा हिशेब करून पाहा. धरा, मणी, तंगूस आणि हूक मिळून 40 रुपये. पक्क्या हाताला दीड तास लागतो, तासाचे 40 धरले तर 60 रुपये. जाण्यायेण्याचे आणि पिशवीचे 10. झाले 110, आणि आपण मागतो 120. तुम्ही 80 ला मागितली, तर ते 40 कोणाचे कमी होतात? मणीवाला कमी करीत नाही. एसटीने 2023 पासून बायांना अर्धे तिकीट केले, त्याबद्दल आभार, पण त्याहून खाली तीही येणार नाही. वरचे 10 जातात आणि उरलेले 30 त्या बाईच्या साठातून जातात. दीड तास डोळे ताणून तिच्या हाती तीस रुपये.

याच्या उलटही घडते. एका गृहस्थांनी 500 रुपये ठेवले, माळ घेतली नाही आणि म्हणाले, "गरिबांना द्या." त्यांचे मन मोठे होते. पण जिने माळ केली ती तिथेच बसली होती. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "त्यांना आवडली नाही का?" यावर मी काय सांगणार?

पवित्र शास्त्रात प्रेषितांची कृत्ये 16 मध्ये लुदिया भेटते. तिची ओळख जांभळ्या वस्त्रांची विक्री करणारी अशी आहे. ती कोणाच्या दयेवर नव्हती, पौलाला आणि त्याच्या सोबत्यांना आपल्या घरी ठेवून घेण्याइतके तिचे घर होते. पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणल्या, तेव्हा त्यांना नुसते जेवू घालून त्या थांबल्या नाहीत. केडगावला विणकाम आले, पुढे छापखाना आला.

आमचे काम त्या मानाने फारच लहान आहे, ते मोठे करून सांगणार नाही. माळांनी स्थलांतर थांबलेले नाही. पावसाळी पीक निघाले की कुटुंबेच्या कुटुंबे मजुरीला बाहेर पडतात आणि होळीला परततात. माळेचा पैसा मीठ-तेलाला, वहीला, दवाखान्याच्या गाडीभाड्याला पुरतो. पण तो तिच्या हातात येतो, आणि कशाला वापरायचा ते ती ठरवते. गटातल्या एकीने पहिल्या पैशातून स्वतःसाठीच माळ घेतली, तीही दुसरीने केलेली, पूर्ण भावाने. ती भाव करीत नव्हती, कारण त्याला किती वेळ लागतो हे तिला माहीत होते.

तर टेबलापाशी जा, हातात घेऊन पाहा, गाठ ओढून पाहा. नाही आवडली तर तसे सांगा, रंग जुना वाटतो, हूक टोचतो, काहीही सांगा, मी ते गटाला कळवते. नाताळासाठी मंडळीला जास्त नग हवे असतील तर दिवाळीच्या आधी सांगा. दिवाळीनंतर अर्ध्या बाया गावात नसतात.