शस्त्राची नोंद आणि माणसाची पारख
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत ग्वाल्हेर येथे दिलेले भाषण)



विद्यार्थिसाहाय्य आणि रुग्णसेवा हे आपल्या संस्थेचे नेहमीचे विषय. त्यांत पिस्तुलाचा विषय कोठून आला, असे काहींना वाटेल. पण आपल्या गावात किती घरी जुनी बंदूक आहे आणि किती घरची मुले अमेरिकेत आहेत, याचा मनाशी हिशेब केला म्हणजे हा विषय परका राहत नाही.

अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने गुन्हेगार ठरलेल्या व इतर काही माणसांना शस्त्र बाळगण्यास मनाई केली. तथापि 'आम्ही तसे नाही' अशा मजकुराखाली ग्राहकाने सही केली की काम भागत असे. खोटे लिहिणाऱ्यास अडवणार कोण? ३० मार्च १९८१ रोजी अध्यक्ष रेगन यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि त्यांचे वृत्तसचिव जेम्स ब्रेडी डोक्यास गोळी लागून जन्माचे अपंग झाले. त्यांच्या नावाचा कायदा १९९३ साली झाला. परवानाधारक दुकानदाराने पिस्तूल विकण्यापूर्वी ग्राहकाची पूर्वचौकशी झालीच पाहिजे, असे त्याने ठरवले.

मग उपयोग झाला का? लडविग व कुक या दोन अभ्यासकांनी २००० साली याचे प्रामाणिक उत्तर दिले. कायदा नव्याने लागू झालेल्या राज्यांची त्यांनी इतर राज्यांशी तुलना केली. खुनांच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. पंचावन्न वर्षे व त्यावरील माणसांत बंदुकीने होणाऱ्या आत्महत्या मात्र घटल्या होत्या.

कारणे दूर नाहीत. हा कायदा दुकानदारास बांधतो, खाजगी रीतीने विकणाऱ्यास नाही. शिवाय चौकशी ही नोंदवहीइतकीच खरी असते. २००७ साली व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जणांचे प्राण गेले; त्यांत मुंबईहून शिकण्यास गेलेली एक मुलगीही होती. मारेकरी स्वतःच्या जिवास धोकादायक आहे असे न्यायालयाने आधीच ठरवले होते. ती नोंद यादीत पोचली नाही, आणि चौकशी होऊनही त्यास पिस्तुले मिळाली.

आता नोंदणीविषयी. १९८६ च्या कायद्याने तेथे मध्यवर्ती शस्त्रनोंदणीस बंदी आहे. सापडलेल्या पिस्तुलाचा माग कारखान्यापासून पहिल्या ग्राहकापर्यंत लागतो. पुढे धागा बहुधा तुटतो. जेथे पिस्तूल घेण्याआधीच सरकारी परवाना लागतो, तेथील अनुभव अधिक आशादायक आहे. कनेक्टिकटने असा परवाना १९९५ साली आणला, मिसूरीने २००७ साली काढून टाकला. पहिल्या ठिकाणी बंदुकीने होणारे खून घटले, दुसऱ्या ठिकाणी वाढले, असे संशोधन सांगते.

आपल्याकडे १९५९ चा कायदा माणूस आणि शस्त्र दोघांनाही एका परवान्यात बांधतो. म्हणून आपण निश्चिंत राहावे काय? ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींचा प्राण घेणारे पिस्तूल याच ग्वाल्हेरीतून दिल्लीस गेले होते, आणि मारेकऱ्यापाशी त्याचा परवाना नव्हता. हाती आणून देणारे हात असले म्हणजे कागद काय करील? ही गोष्ट आपल्या समाजाने विसरता कामा नये.

आणि आमच्या घरची गोष्ट सांगू. आजोबांची दुनळी बंदूक आमच्या काकांच्या नावावर होती. काका वारले, तेरावे झाले, वर्षश्राद्ध आले. बँकेची पासबुके, घराची कागदपत्रे, सारे नावावर करून झाले. कपाटातील बंदुकीची आठवण कोणासही झाली नाही. परवानाधारक गेल्यावर शस्त्र ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावयाचे असते, हे आम्हांस पुष्कळ उशिरा कळले. त्या वर्षभरात आमचा धाकटा नातू त्या कपाटाची किल्ली घेऊन खेळत असे. आम्ही शिकलेसवरलेले, तरी आम्ही असे वागलो.

तेव्हा चौकशी आणि नोंदणी निरुपयोगी आहेत, असे आमचे म्हणणे नाही. ती चाळणी आहे. तिची भोके बुजवीत राहावे लागते, आणि काही भोके घराघरांतच असतात. आज घरी गेल्यावर आपापले कपाट उघडा, परवाना कोणाच्या नावावर आहे आणि मुदत कधीची आहे ते पाहा. या महोत्सवाच्या निमित्ताने एवढे जरी झाले, तरी आमचे बोलणे कारणी लागले असे आम्ही समजू.