साखळीला बांधलेला कुत्रा आणि आपण

(मंडळाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून मी दरवर्षी आरोग्याविषयी बोलत आलो आहे. रक्तदाब झाला, मधुमेह झाला, येथील अंधाऱ्या हिवाळ्यात आपल्या लोकांत कमी पडणारे 'ड' जीवनसत्त्वही झाले. यंदाचा विषय मी कळविला तेव्हा कार्यकारिणीतील एका ज्येष्ठ सदस्यांचा दूरध्वनी आला. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आपल्या माणसांचे प्रश्न संपले काय, की आपण कुत्र्यावर बोलणार?" त्यांचा प्रश्न मला टोचला, कारण तो रास्त होता. म्हणून प्रथम त्याचाच विचार करतो.

कुत्रा या प्राण्याशी आपल्या समाजाचे नाते साधे नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळ आणि श्वपच यांनी गावाबाहेर राहावे आणि कुत्री व गाढवे हेच त्यांचे धन असावे असा दंडक आहे. 'श्वपच' हा शब्दच कुत्र्यावरून घडविलेला आहे. पुढे महाडच्या चवदार तळ्यावर कुत्रे-मांजर पाणी पिऊ शकत होते आणि आपल्या आजोबा-पणजोबांना ओंजळ भरता येत नव्हती. माझे स्वतःचे आजोबा सांगत की गावातील मालदाराच्या वाड्यासमोरून जाताना साखळीचा आवाज आला की ते काठी सावरीत. तो कुत्रा बांधलेला असे तो आमच्यासाठीच, आणि सोडला जाई तोही आमच्यावरच. तेव्हा आमच्यापैकी कोणाला कुत्र्याविषयी विशेष ममता वाटत नसेल तर त्याला मी दोष देणार नाही.

पण त्या वाड्यासमोरच्या कुत्र्याचा विचार मी पुढे पुष्कळ वर्षांनी केला. दिवसरात्र दोन हात साखळीवर ठेवलेला कुत्रा भुंकतो, चावतो, हा त्याचा स्वभाव नव्हे. तो त्याच्या बंधनाचा परिणाम आहे. धन्याला तो तसाच हवा असतो. हे कळल्यावर मला आजोबांची भीती आणि त्या जनावराचे हाल ही दोन निरनिराळी प्रकरणे वाटेनाशी झाली.

आता मूळ हकिकतीकडे येतो. काही वर्षांपूर्वीच्या जानेवारी महिन्यात मी नेहमीप्रमाणे गावाबाहेर कालव्याच्या कडेने जाणाऱ्या सायकलमार्गावरून फिरत होतो. एका शेतघराच्या मागे, गोठ्याच्या भिंतीशी, आडवे टाकलेले लोखंडी पिंप होते आणि त्याच्याशी बांधलेला एक मोठा कुत्रा. साखळी जेथवर पोहोचत होती तेथवर गवताची काडी उरली नव्हती. चिखलाचे एक पूर्ण वर्तुळ झाले होते, आणि त्याबाहेर हिरवेगार कुरण. पाण्याचे भांडे उपडे पडले होते. कुत्र्याच्या बरगड्या रस्त्यावरून मोजता येत होत्या आणि तो मागचा डावा पाय टेकवीत नव्हता.

त्या दिवशी मी घरी आलो, चहा घेतला आणि काही केले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. परक्या देशात तीस वर्षे राहिलेल्या माणसाला एक सवय लागते: शेजाऱ्याच्या कुंपणापलीकडे पाहायचे नाही.

आपल्यातल्याच एका कुटुंबाचा मुलगा माझ्याकडे अधूनमधून येतो. वडिलांबरोबर लहानपणी आलेला, येथेच अभियांत्रिकी शिकणारा, पासपोर्ट मात्र अजून भारतीय. त्याला मी हे बोलता बोलता सांगितले. तो दुसऱ्याच दिवशी तेथे जाऊन आला आणि घरून नेलेला रस्साभात कुंपणावरून टाकून आला. येथे वैद्य म्हणून दोन शब्द बोलणे भाग आहे. कांदा आणि मनुका कुत्र्याला विषासारख्या आहेत, चॉकलेटही. आणि दीर्घकाळ उपाशी असलेल्या कोणत्याही जिवाला एकदम पोटभर अन्न देणे धोक्याचे असते. रक्तातील फॉस्फेट वेगाने खाली येते आणि हृदय बंद पडू शकते. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेल्या उपाशी कैद्यांच्या बाबतीत डॉक्टरांनी हे पाहिले. याच देशात १९४४-४५ च्या हिवाळ्यात हजारो माणसे उपासमारीने मेली. त्या काळाच्या आठवणी येथील वृद्ध रुग्णांच्या तोंडून मी पुष्कळ ऐकल्या आहेत. असो.

तिसऱ्या दिवशी तो मुलगा आला तो बेत ठरवूनच. लोखंड कापण्याची मोठी कात्री त्याने मित्राकडून आणली होती. रात्री अकरानंतर दोघे कुंपण ओलांडणार, साखळी तोडणार आणि कुत्र्याला दुसऱ्या शहरातील ओळखीच्या मुलीकडे पोहोचविणार. "काका, तुम्ही काही करू नका. गाडी तेवढी द्या."

मी नाही म्हटले. तेव्हा तो जे बोलला त्यासाठीच मी आज येथे उभा आहे. तो म्हणाला, "काका, बाबासाहेबांनी महाडला तळ्याला हात लावण्यापूर्वी परवानगी मागितली होती का?"

मला त्या क्षणी उत्तर सुचले नाही. रात्री मी कपाटातले ग्रंथ काढून बसलो. मित्रहो, महाडचा सत्याग्रह आपण सर्व जण दरवर्षी २० मार्चला स्मरतो, पण त्याची कायदेशीर बाजू फारसे कोणी सांगत नाही. मुंबई कायदे मंडळाने १९२३ साली बोले यांचा ठराव संमत केला होता, आणि १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. म्हणजे १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेब तळ्यावर गेले ते कायद्याने मिळालेला हक्क बजावण्यासाठी. दिवसाढवळ्या, हजारो लोकांसह, स्वतःच्या नावानिशी. पुढे डिसेंबरात सनातनी मंडळींनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. परिषदेसाठी हजारो सत्याग्रही जमले होते, तरी बाबासाहेबांनी प्रत्यक्ष पाणी भरण्याचा कार्यक्रम तहकूब केला आणि दावा लढविला. त्याचा अंतिम निकाल मुंबई उच्च न्यायालयात १९३७ साली आपल्या बाजूने लागला. दहा वर्षे! हे दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला सांगितले. तो म्हणाला, "कुत्रा दहा वर्षे जगणार नाही, काका." त्याचेही खरे होते.

म्हणून आम्ही दोघांनी येथील कायदा काय म्हणतो ते वाचावयास घेतले. जे समजले ते आपल्यासमोर ठेवतो. मी वकील नाही; प्रत्यक्ष प्रसंग आला तर वकिलालाच विचारावे.

त्या रात्रीच्या बेताकडे डच दंडसंहिता कशी पाहील? कुंपण ओलांडणे हा कलम १३८ खाली परक्याच्या घर-आवारात घुसण्याचा गुन्हा. साखळी तोडणे म्हणजे कलम ३५० खाली नासधूस. कुत्रा नेऊन दुसऱ्याला देणे ही कलम ३१० खाली चोरी ठरू शकते. याखेरीज कलम ३११ आहे. चोरी रात्रीच्या वेळी घर असलेल्या बंदिस्त आवारात झाली, दोघांनी मिळून केली, किंवा तोडफोड करून केली, तर ती अधिक गंभीर. आमच्या या सज्जन मुलाच्या बेतात तिन्ही गोष्टी हजर होत्या! अशा चोरीला कागदावरची कमाल शिक्षा नऊ वर्षांची आहे. कोणताही न्यायाधीश कुत्रा वाचविणाऱ्या विद्यार्थ्याला तेवढी देणार नाही हे उघड आहे. पण परक्या पासपोर्टवर राहणाऱ्याला लहान शिक्षाही पुरते. गुन्ह्याबद्दल तुरुंगवास, समाजसेवेची शिक्षा किंवा ८१० युरो अथवा अधिक दंड झाला तर पुढील पाच वर्षे नागरिकत्वाचा अर्ज नामंजूर होऊ शकतो. नोकरीसाठी लागणारा सद्वर्तनाचा दाखलाही अडकू शकतो. त्याचा डच मित्र तोच गुन्हा करील, तेवढाच दंड भरील आणि घरी जाईल. कायदा दोघांना एकच, परिणाम दोन. हे मला आवडत नाही, पण आहे हे असे आहे.

"पण जीव वाचविण्यासाठी केले तर?" असे मुलाने विचारले. त्यासाठी कलम ४० आहे. आणीबाणीच्या प्रसंगी, दुसरा मार्गच नसताना केलेले कृत्य दंडनीय ठरत नाही. मात्र न्यायालय विचारते की याहून सौम्य उपाय उपलब्ध होता काय? कडक उन्हात बंद मोटारीत कुत्रा कोसळताना दिसतो, मालक सापडत नाही, मदत वेळेत पोहोचणार नाही, तेव्हा काच फोडणाऱ्याची बाजू उभी राहू शकते. कित्येक आठवडे बांधलेल्या कुत्र्याच्या बाबतीत "फोन का केला नाही?" या प्रश्नाला उत्तर नसते.

आता दुसरी बाजू, कारण मी जसा सुरुवातीला गप्प राहिलो तसे राहणेही कायद्याला मान्य नाही. या देशात प्राणिसंरक्षण संस्था १८६४ पासून आहे. एके काळी येथे कुत्र्यांना गाड्या ओढाव्या लागत. १९१० साली त्यावर पहिला कायदा झाला. २०१३ पासून लागू असलेला प्राण्यांविषयीचा कायदा प्राण्याचे स्वतःचे मूल्य मानतो, आणि त्याच्या कलम २.१ मध्ये गरजू प्राण्याला आवश्यक ती मदत करण्याचे कर्तव्य मालकावरच नव्हे, तर प्रत्येकावर टाकलेले आहे. त्याच वर्षापासून दिवाणी संहितेतही प्राणी म्हणजे वस्तू नव्हे असे स्पष्ट लिहिले आहे. २०१४ ची नियमावली सांगते की प्राण्याच्या हालचालीवर त्याला अकारण यातना वा इजा होईल असे बंधन घालू नये. म्हणजे प्रश्न नुसत्या साखळीचा नसतो. तिने काय केले आहे, ते दाखवावे लागते.

ते कसे दाखवावे, हे मात्र डॉक्टरला शिकवावे लागत नाही. रुग्णाची नोंद ठेवतो तशी आम्ही वही केली. तारीख, वेळ, तापमान, भांड्यात पाणी होते की नव्हते, कुत्रा पाय टेकतो की नाही, गळ्याभोवतीचे केस गेले आहेत काय. छायाचित्रे सार्वजनिक सायकलमार्गावरूनच काढली, कुंपणाच्या आत हातही घातला नाही. गळपट्टा मांसात रुतला असेल तर प्रथम वास येतो आणि माशा बसतात. जानेवारीत माशा नसतात, म्हणून मी दुर्बिणीने पाहिले. ओलसर जखम दिसली. चार दिवसांच्या नोंदी घेऊन आम्ही १४४ या क्रमांकावर फोन केला. प्राण्यांसाठीचा हा क्रमांक २०११ पासून आहे. फोन मुलानेच केला, स्वतःचे नाव सांगून. पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारले: कुत्रा उभा राहतो काय, पाणी आहे काय, आपण कोठून पाहता आहात. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर "सार्वजनिक रस्त्यावरून" असे देता आले याचे समाधान मला आजही आहे.

तक्रार प्राणिसंरक्षणाच्या तपासणी विभागाकडे जाते. तेथील निरीक्षकांना विशेष तपास अधिकाऱ्याचे अधिकार असतात. बहुधा ते प्रथम मालकाला सुधारणेची मुदत देतात. न ऐकल्यास सक्तीची कारवाई होते आणि प्राणी ताब्यातही घेतला जातो. १ जानेवारी २०२४ पासून तर न्यायालय दोषी व्यक्तीला दहा वर्षांपर्यंत प्राणी पाळण्यास मनाई करू शकते. साखळी तोडून कुत्रा पळविला असता तर मालकाने पुढच्याच आठवड्यात दुसरे पिल्लू आणून त्याच पिंपाला बांधले असते आणि त्याला अडविणारे कोणी नव्हते.

आम्हांला निकाल कळविला गेला नाही. मालकाच्या खाजगीपणाचा प्रश्न असतो. ते दोन-तीन आठवडे फार वाईट गेले. मुलगा मला रोज विचारी आणि मी रोज चिडे. एकदा तो म्हणाला, मालकाचा पत्ता आणि छायाचित्र सर्वत्र पसरवून टाकू. तेही मी थांबविले. कोणाला भय घालण्यासाठी त्याचा पत्ता प्रसृत करणे हा आता येथे स्वतंत्र गुन्हा आहे. तो नसता तरी मी थांबविलेच असते. जमावाने घर ओळखून चालून येणे म्हणजे काय, हे आपल्या लोकांना कोणी शिकवायला नको.

भारतात सुटीला जाणाऱ्या तरुणांसाठी थोडक्यात सांगतो. तेथे १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये अवास्तव आखूड वा जड साखळी, आणि सतत बांधलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणे, हे दोन्ही गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये! साठ वर्षांपूर्वीचे पन्नास रुपये आज चहा-पोह्यांचे झाले. उलट १८६० च्या दंडसंहितेने चोरीच्या व्याख्येखाली उदाहरणच कुत्र्याचे दिले होते: खिशातल्या आमिषाने दुसऱ्याचा कुत्रा अप्रामाणिक हेतूने मागे येऊ लागला की चोरी पूर्ण झाली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली तरी चोरीची कल्पना तीच आहे. तेथेही लेखी तक्रार, छायाचित्रे आणि बरोबर एखादी स्थानिक संस्था, हाच मार्ग. आणि कुत्रा चावलाच तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस घ्यावी. नेदरलँडमधील सवयीने "काही होत नाही" असे तेथे म्हणू नये.

ज्या ज्येष्ठांनी मला फोन केला त्यांना मी एवढेच सांगितले की सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी अशा दोन्ही चिकित्सांची व्यवस्था केल्याचा उल्लेख आहे. ते म्हणाले, "पण आधी माणसांची." क्रम तसाच आहे, मी मान्य केले. ते आज सभागृहात आहेत आणि त्यांचे समाधान झाले असेल असे मला वाटत नाही.

मार्चच्या सुरुवातीला पिंप नाहीसे झाले. गोठ्याच्या भिंतीला लागून जाळीचे ऐसपैस आवार आणि लाकडी घर आले. एके दिवशी त्या घराचा मालक, माझ्याहूनही वयस्क, एकटाच राहणारा गृहस्थ, आत वाकून भांड्यात पाणी ओतताना दिसला. त्याने मला पाहून हात वर केला. तक्रार कोणी केली ते त्याला ठाऊक होते की नाही, मला कळले नाही. मीही हात वर केला. कुत्रा जाळीपर्यंत धावत आला आणि माझ्यावर जोरात भुंकला, चारही पाय टेकवून. मुलाला मी लगेच फोन केला तर तो परीक्षेत होता. संध्याकाळी स्वतःच सायकल काढून पाहून आला.

चिखलाच्या वर्तुळावर पुढच्या पावसाळी उन्हाळ्यात गवत उगवले. साखळी भिंतीच्या कडीला अजून लोंबते आहे. मालकाने ती का काढली नाही कोण जाणे. आठवड्यातून दोनदा तरी मी त्या वाटेने जातो.

जयभीम.