संध्याकाळ कोणाची?



आपण सारे आज वेळ काढून येथे आला आहात. विहिरीतून पाणी शेंदून काढावे, तसा हल्ली वेळही काढावा लागतो. दिवेलागणीनंतरची जी घटका आपली असायची, तिचाच आज प्रश्न झाला आहे.

दिवसभर राबून आलेला माणूस दमतो. जेवतो, झोपतो आणि सकाळी ताजा होऊन उठतो. या दमण्याबद्दल आमची तक्रार नाही. आमचे बोलणे आहे ते झोपेने न जाणाऱ्या शिणाविषयी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली त्याची तीन लक्षणे सांगितली: अंगातले बळ सरल्यासारखे वाटणे, स्वतःच्या कामाविषयी मन विटणे वा कडवट होणे, आणि हातून काम नीट होईनासे होणे. संघटना याला रोग म्हणत नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ आवरला न गेल्याने ही अवस्था येते, असे ती म्हणते. आमच्या घरच्या भाषेत सांगायचे, तर भात बुडाशी लागतो तेव्हा वरून तो शुभ्रच दिसतो. वास सुटेपर्यंत कोणाला पत्ता नसतो.

यावर उपाय सांगणारे पुष्कळ आहेत. पहाटे फिरा, प्राणायाम करा, छंद लावून घ्या. हे सारे चांगलेच आहे. पण विश्रांती ही ज्याची त्याने मिळवायची गोष्ट आहे का? या प्रश्नाचे उत्तर आपल्याच मुंबईच्या इतिहासात आहे.

१८८४ साली गिरणगावात कामगारांच्या सभा झाल्या. पुढाकार नारायण मेघाजी लोखंडे यांचा. सत्यशोधक विचारांचा, 'दीनबंधु' चालवणारा हा गृहस्थ. साडेपाच हजार कामगारांनी एका अर्जावर सह्या-अंगठे केले. त्यांचे मागणे काय होते? रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. पगार वेळेवर मिळावा आणि कामावर जायबंदी झालेल्याची सोय व्हावी. सूर्य मावळला की घरी जाऊ द्या, एवढे साधे मागणे. पण त्यातल्या रविवारासाठीच सहा वर्षे झगडावे लागले. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, त्यांत दोन कामकरी स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षीच्या जून महिन्यात गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण ज्या रविवारी उशिरा उठतो, तो असा मिळाला आहे.

पण गोष्ट येथे संपत नाही. १९०५ च्या सुमारास गिरण्यांतून विजेचे दिवे आले आणि मावळत्या सूर्याची मर्यादा नाहीशी झाली. उजेड आहे, मग काम का थांबवायचे? काही गिरण्यांत दिवस पंधरा तासांवर गेला. दिवा बिचारा निर्दोष. तो अभ्यासालाही लागतो आणि भजनालाही. सूर्याने घातलेली मर्यादा गेली, तेव्हा माणसांनी ती घालायला हवी होती. कायद्याने ती हळूहळू घातली. १९११ साली कापडगिरण्यांतल्या पुरुषांसाठी बारा तास, १९२२ साली आठवड्याचे साठ, १९३४ साली चोपन्न आणि १९४६ साली अठ्ठेचाळीस.

आज आपल्या खिशात तसाच एक दिवा आहे. मोबाइल हे त्याचे नाव. त्याने कचेरीचा उंबरठाच पुसून टाकला.

कोणी म्हणेल, आम्ही काही गिरणी कामगार नाही. आमच्यावर भोंग्याची सक्ती नाही, आम्ही आपखुशीने काम घरी आणतो. हे अर्धे खरे आहे, आणि त्या अर्ध्याबद्दल आम्ही स्वतःचा दोष सांगतो. आमचे वडील शेवटच्या आजारात असताना आम्ही त्यांच्या उशाशी बसून कचेरीचे हिशेब तपासत होतो. त्यांनी डोळे उघडून विचारले, "आज रविवार ना रे?" आम्ही "हो" म्हटले आणि पुन्हा मान खाली घातली. ते हिशेब सोमवारी कोणी मागितलेदेखील नाहीत. आपल्यावाचून अडते, या कल्पनेचे सुख मोठे असते. त्याची किंमत मात्र दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागते.

उरलेले अर्धे व्यवस्थेचे आहे. फ्रान्समध्ये २०१७ पासून मोठ्या आस्थापनांना, कामाच्या वेळेबाहेर संपर्क तोडण्याच्या हक्काविषयी कामगारांशी वाटाघाट करावी लागते. आपल्याला कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. एकाच कचेरीतल्या दहा माणसांनी ठरवले की रात्री आठनंतर एकमेकांना निरोप धाडायचा नाही, तर ते आजपासून जमेल. एकट्याने फोन बंद केला, तर तो कामचुकार ठरतो. दहांनी केला, तर ती रीत होते. यातला जो वरिष्ठ असेल, त्याने आरंभ करावा. त्याच्या "सवडीने पाहा" या शब्दांचा अर्थ हाताखालचा माणूस "आत्ता पाहा" असाच लावतो.

आणि एक शेवटचे. आपल्या घरात रविवारी कोणाला सुट्टी असते? सगळे घरी म्हणून त्या दिवशी काहीतरी विशेष रांधायचे असते, आणि घरातल्या बाईचे काम रोजच्याहून वाढते. नोकरी करणाऱ्या बहिणींचे तर सहा दिवस कचेरीचे आणि सातवा ओट्यापाशी. महालक्ष्मीच्या मैदानावर बायाही बोलल्या होत्या. त्यांच्या वाट्याचा रविवार आपण घरातल्या घरात अजून दिलेला नाही. तो द्यायला अर्ज नको, सभा नको. येत्या रविवारी पुरुषांनी स्वयंपाकघरात शिरावे, म्हणजे झाले.

आपण आपली एक संध्याकाळ आम्हांला दिलीत. ती परत करता येत नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून घड्याळाचा मान राखून येथेच थांबतो.