छातीतील यंत्र व हातातील यंत्र

(ज्ञातिमंडळाच्या किनवट येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



दोन वर्षांपूर्वी हृदयाचे ठोके मंदावून आम्ही अंगणातच कोसळलो. नांदेडास नेल्यावर डाव्या खांद्याखाली, छातीच्या कातडीआड, पेसमेकर बसविण्यात आला. काही आठवडे हात खांद्याच्या वर उचलू नये, असे डॉक्टरांनी सांगितले. आम्हीही अधिक विचारले नाही. शंका साऱ्या घरी आल्यावर, तेही रात्रीच सुचतात! नांदेड काही शेजारचे गाव नव्हे. तेव्हा नातवाच्या मोबाईलवरील इंटरनेटास आम्ही शरण गेलो.

तेथील एका चित्रफितीत, हात कधीच उचलू नये, असे ठासून सांगितले होते. वाचलेले पडताळून पाहा, असे मुलांना जन्मभर शिकवीत आलेलो आम्ही. पण ते निमूटपणे मानले. सहा महिन्यांत खांदा असा आखडला की सदरा घालण्यासही सौभाग्यवतींची मदत लागू लागली. अखेर पेसमेकर बसविलेल्यांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप समूहात आम्ही हे लिहिले. पुण्याच्या एका भगिनींचे उत्तर आले, "गुरुजी, मी तर रोज दोरीवर धुणे वाळत घालते. तुम्ही डॉक्टरांना विचारा." विचारले. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला व व्यायाम सांगितला.

मोबाईल छातीवरच्या खिशात न ठेवता यंत्रापासून सहा इंच दूर ठेवावा, हेही तेव्हाच कळले.

त्याच इंटरनेटावर आम्ही आर्ने लार्सन यांची हकीगत वाचली. दि. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोम येथे शरीराच्या आत पेसमेकर बसविलेले ते पहिले रुग्ण. त्यांच्या पत्नीने डॉक्टर सेनिंग व अभियंते एल्मक्विस्ट यांच्याकडे तगादाच लावला होता. पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले. पुढे वीसहून अधिक यंत्रे बदलीत लार्सन २००१ पर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले. त्या रात्री आम्हांस स्वस्थ झोप लागली.

एक गोष्ट मात्र कोणीच सांगितली नव्हती. चितेच्या उष्णतेने ह्या यंत्राचा स्फोट होऊ शकतो. म्हणून दहनापूर्वी ते डॉक्टरांकडून काढून घ्यावे लागते. आपल्यात दहनाची चाल आहे. आम्ही मुलास जवळ बसवून हे सांगितले. तो रागावून उठून गेला. आठ दिवसांनी कपाट उघडले, तो पेसमेकरच्या कार्डासोबत एक चिठ्ठी टाचलेली होती. तीत ती सूचना त्याच्याच अक्षरात लिहिलेली होती.