खुब्याचा सांधा केव्हा बदलावा?

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



चिटणिसांनी आम्हांस शिक्षणाच्या महत्त्वाविषयी बोलण्याची आज्ञा केली होती. परंतु गेल्या वर्षी याच सभागृहात, पंगतीला पाटावर न बसता, आम्ही भिंतीपाशी खुर्ची मागून घेतली. तेव्हापासून आम्हांस शिक्षणाविषयी कोणी एक अक्षर विचारले नाही. खुब्याविषयी मात्र रस्त्यात थांबवून विचारतात. तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर आज सर्वांदेखत एकदाच द्यावे, असे योजिले आहे. आम्ही वैद्य नव्हे. सोसले व विचारून घेतले, तेवढेच सांगणार.

मांडीच्या हाडाचा चेंडूसारखा गोल माथा कटीच्या हाडातील वाटीत फिरतो, तो हा सांधा. दोहोंवर गुळगुळीत कूर्चेचे अस्तर असते. ते झिजले की हाडावर हाड घासू लागते. पुष्कळ लोक पाठीमागे कमरेखाली हात ठेवून 'खुबा दुखतो' म्हणतात. ते दुखणे बहुधा मणक्याचे निघते. खऱ्या खुब्याची कळ जांघेत उठते आणि मांडीच्या पुढील बाजूने उतरत कित्येकदा गुडघ्यात जाऊन बसते. आम्ही स्वतः आठ महिने गुडघ्यास तेल चोळीत होतो! गुडघा बिचारा निर्दोष होता. पायांच्या बोटांची नखे काढता येईनात आणि मांडी घालता येईना, तेव्हा कोठे डॉक्टरांनी खुब्याचा फोटो काढविला.

आज जी शस्त्रक्रिया होते तिचा पाया इंग्लंडात राइटिंग्टन येथील जॉन चार्न्ली यांनी १९६२ च्या नोव्हेंबरात घातला. त्यांनी आरंभी टेफ्लॉनच्या वाट्या बसविल्या होत्या, त्या थोड्याच वर्षांत झिजून गेल्या. पुढे नव्या प्लॅस्टिकची परीक्षा पाहताना त्या गृहस्थांनी ते स्वतःच्या मांडीत घालून घेतले. पोलादी माथा, त्या प्लॅस्टिकची वाटी आणि हाडात पक्के बसविणारे सिमेंट, ही त्यांची योजना टिकली. २०१९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या हिशेबाप्रमाणे १०० कृत्रिम खुब्यांपैकी सुमारे ५८ खुबे २५ वर्षे टिकतात. याच नियतकालिकातील २०१७ च्या एका लेखात असे आहे की सत्तरीनंतर शस्त्रक्रिया करविणाऱ्यांपैकी शंभरांत सुमारे ५ जणांना आयुष्यात ती पुन्हा करावी लागते. पन्नाशीच्या आरंभीच्या पुरुषांत मात्र हा आकडा सुमारे ३५ पर्यंत जातो. दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड. म्हणूनच तरुणास डॉक्टर 'थांबा' म्हणतात.

आता मुख्य प्रश्न. फोटो पाहून निर्णय होत नाही. आमच्या आळीतील एका गृहस्थांचा खुबा फोटोत आमच्याहून खराब दिसतो, आणि ते रोज सकाळी मंडईत पायी जाऊन भाजी आणतात. त्यांनी शस्त्रक्रिया का करावी? आमच्या डॉक्टरांनी फोटो बाजूस ठेवून तीनच गोष्टी विचारल्या. रात्री कळेने जाग येते काय? न थांबता किती चालता? आणि काठी, व्यायाम, वजन कमी करणे व गोळ्या हे सारे नेटाने करूनही असेच आहे काय? काठी दुखऱ्या बाजूस धरतात ती चूक. उजवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हाती हवी. वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षे गिळल्याने मूत्रपिंड व जठर बिघडते, हेही ध्यानी घ्यावे.

तीनही उत्तरे आमच्या विरुद्ध होती, तरी आम्ही साडेतीन वर्षे काढली. कधी कन्येचे लग्न, कधी पावसाळा, आणि खरे सांगावयाचे तर भीती. त्याच काळात आमचे थोरले बंधू वारले. ज्या बंधूंनी आम्हांस खांद्यावर बसवून जत्रा दाखविली, त्यांस खांदा देणे आम्हांस जमले नाही. आम्ही मागून रिक्षाने गेलो. ते आता भरून येणे नाही. शस्त्रक्रियेनंतर कळ गेली, झोप आली. परंतु इतके दिवस लंगडण्याने जे स्नायू वाळले ते पूर्ववत झाले नाहीत. आमच्या चालीत आजही जो हेलकावा दिसतो तो शस्त्रक्रियेचा नव्हे, विलंबाचा आहे.

दोन ठिकाणी मात्र हा विचार लागू नाही. वृद्ध मनुष्य पडला आणि खुब्याचे हाड मोडले, तर शक्यतो दोन दिवसांच्या आत शस्त्रक्रिया झाली पाहिजे. अंथरुणात पडून राहिल्याने न्यूमोनिया होतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. आमच्या परिचयातील एका घरी अमावास्या टळण्याची वाट पाहिली. असो. दुसरे तरुणांचे. स्टेरॉइडची औषधे किंवा मद्य यांमुळे माथ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मरते. २०२० व २०२१ च्या करोनाच्या साथीत स्टेरॉइड घेतलेल्यांत असे रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांना आढळले. आरंभी साध्या फोटोत काही दिसत नाही, एमआरआय करावा लागतो. आणि वेळीच कळले तर मूळचा सांधा वाचविण्याचे प्रयत्न करता येतात.

निर्णय मुलांनी घ्यावयाचा नाही, शेजाऱ्यांनी तर नाहीच. ज्याचा पाय त्याने, डॉक्टरांशी बोलून. अशा शस्त्रक्रिया आपण वर्षाकाठी किती करता, हे डॉक्टरांना निःसंकोच विचारावे. चांगला डॉक्टर रागावत नाही. मधुमेह आधी आटोक्यात आणावा, तंबाखू सोडावी, किडका दात असल्यास तो दाखवावा, कारण नव्या सांध्यात जंतू शिरले तर फार हाल होतात. शंभरांत एखाद्याच्या वाट्यास ते येतेही. पुढे उकिडवे बसणे आणि जमिनीवरची पंगत बहुतेकांस सोडावी लागते. आम्हांस पंगतीचे थोडे वाईट वाटते.

आमच्या घरी एक वॉकर, कमोडची खुर्ची आणि दोन काठ्या पडून आहेत. ज्ञातीतील ज्या कुटुंबास लागतील त्यांनी चिटणिसांकडे नाव द्यावे व घेऊन जावे. भाडे नाही, काम झाल्यावर परत आणून द्यावे, इतकेच.