डोळे आपोआप हलतात तेव्हा

मागच्या पावसाळ्यात गटाच्या बैठकीत एक ताई वहीत सही करता करता थांबल्या. म्हणाल्या, "ओळ एका जागी राहीना." पाहिलं तर नजर बाजूला नेली की त्यांची बुबुळं झटके देत हलत होती. चालताना तोलही जात होता. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं चष्मा लावा. चष्म्याचे पैसे आधीच गेले होते, ते वेगळंच.

दोष डोळ्यांचा नव्हता. डोक्यावर हंडा घेऊन चालताना आपलं डोकं हलतं, पण समोरची वाट हलत नाही. डोकं कुठे वळलं हे कानाच्या आतला भाग मेंदूला कळवतो, आणि मेंदू डोळे तेवढेच उलट वळवतो. लहान मेंदू त्यावर लक्ष ठेवतो. हा मेळ बिघडला की डोळे आपोआप हलतात. डॉक्टर याला निस्टॅगमस म्हणतात.

या ताई आकडीसाठी फेनिटॉइन घेत. मध्ये एकदा गोळी चुकली, तेव्हापासून भीतीने रोज एक जास्त घेत होत्या. हे औषध रक्तात वाढलं की डोळे हलतात, तोल जातो, जीभ जड होते. घरचे म्हणाले, गोळ्याच बंद करा. ते तर जास्त धोक्याचं! एकदम बंद केल्या तर आकड्यांवर आकड्या येऊ शकतात. डॉक्टरांनी रक्तातलं औषधाचं प्रमाण तपासून गोळी कमी केली. हळूहळू ओळ जागेवर आली.

गंमत अशी, की काही औषधांनी हलणारे डोळे शांतही होतात. एका प्रकारात डोळे दीड-दोन मिनिटं एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला झटके देतात. त्यात बॅक्लोफेन उपयोगी पडतं, कारण लहान मेंदूचा सुटलेला लगाम ते पुन्हा ओढतं. इतर काही प्रकारांत गॅबापेन्टिन किंवा मेमॅन्टिन देतात. यांनी हलणं कमी होतं, मूळ आजार जात नाही. सुस्ती, चक्कर येऊ शकते. म्हणून शेजारणीची गोळी घेऊ नका.

तान्ह्या बाळाचे डोळे हलत असतील तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. असं मूल मान वाकडी करून पाहत असेल तर रागावू नका, तशी धरली की त्याला स्पष्ट दिसतं.

घरात कुणी खूप दारू पितं, जेवत नाही, आणि डोळे हलून बरळू लागलं, तर ती नशाच समजू नका. बी-वन जीवनसत्त्व संपल्यानेही असं होतं. त्याच दिवशी इंजेक्शन मिळायला हवं. अचानक डोळे हलू लागले आणि बोलणं अडखळलं, हातपाय लुळे पडले, तरी लगेच 108 ला फोन करा. जाताना गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका, रिकामी असली तरी.