लेकरांच्या हातात कोणती गोष्ट द्यावी?

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीने आम्हांला विषय दिला तो 'बालसंस्कार'. हा शब्द फार मोठा आहे आणि त्याच्यावर बोलणारेही फार आहेत. आम्ही सूतगिरणीत रिंग खात्यात तीन पाळ्या करणारी माणसे, शिक्षण सातवीपर्यंत, बाकीचे जे काही वाचले ते रात्रपाळीनंतर. म्हणून आम्ही विषय लहान करून घेतला आहे. मुलांना गोष्टीची पुस्तके कोणती द्यायची आणि सणाच्या दिवशी कोणती गोष्ट सांगायची, एवढेच आज बोलू.

वर्षावासात आपण रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतो. आषाढ पौर्णिमेला सुरू करतो, आश्विन पौर्णिमेला संपवतो. चांगली प्रथा आहे. पण पहिल्या आठवड्यात पुढे बसलेली पोरं दुसऱ्या आठवड्यात पायरीवर जातात आणि तिसऱ्या आठवड्यात गल्लीत. मग आपण त्यांच्यावर ओरडतो. पोरांचा काय दोष? तो ग्रंथ जाणत्यांसाठी लिहिला आहे. आठ वर्षांच्या लेकराला आठ वर्षांच्या लेकराचीच गोष्ट पाहिजे. ती आपण दिली नाही तर ते दुसरीकडून घेणार. टीव्हीवरून घेईल, मोबाईलवरून घेईल.

आता बाबासाहेबांच्या घरातलेच उदाहरण घ्या. या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी १९५६ साली एक प्रस्तावना लिहिली होती. १९५७ साली ग्रंथ निघाला तेव्हा ती त्यात छापली गेली नाही, नंतर उजेडात आली. त्यात त्यांनी लहानपणची हकिकत दिली आहे. सुभेदार रामजी मुलांकडून रामायण-महाभारत नेमाने वाचून घेत. परीक्षा पास झाल्यावर भिवाचा सत्कार झाला आणि केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. बाबासाहेब स्वतः ही परीक्षा इंग्रजी चौथीची म्हणतात, चरित्रकार मॅट्रिक म्हणजे १९०७ साल सांगतात. तो वाद अभ्यासकांनी मिटवावा. आपल्या कामाचे त्याच्या पुढचे आहे. ते पुस्तक वाचून भिवाने बापालाच विचारले की, ज्या पोथ्यांत ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा आणि शूद्र-अस्पृश्यांची मानहानी आहे, त्या तुम्ही आम्हांला का वाचायला लावता? बापाला आधी हा प्रश्न आवडला नाही, पण पुन्हा विचारल्यावर त्याने उत्तर दिले. रामजीबाबांचे म्हणणे असे की, आपण अस्पृश्य म्हणून तुमच्या मनात न्यूनगंड यायचा. द्रोण, कर्ण लहान स्थितीतून किती वर गेले बघा, वाल्मीकी कोळी होता तरी त्याने रामायण रचले. भिवाला हे उत्तर पटले नाही, आणि पटले नाही हेही त्याने सांगून टाकले.

मंडळी, १९०७ च्या आसपासच्या चाळीत, लष्करी शिस्तीच्या बापासमोर, शाळकरी पोरगा असा प्रश्न विचारतो आणि बाप त्याला उत्तर देतो. आपल्यापैकी किती घरांत आज हे चालते?

म्हणून काही कार्यकर्ते म्हणतात की, इतरांच्या देवादिकांची पुस्तके आपल्या मुलांच्या नजरेलाच पडू देऊ नयेत, ते आम्हांला पटत नाही. त्यांची तळमळ आम्ही जाणतो. बावीस प्रतिज्ञा आम्हीही घेतल्या आहेत आणि पाळतो आहोत. पण पोरं शाळेत जातात, शेजारी जातात, दिवाळीत चित्रांची पुस्तके त्यांच्या हाती येतातच. हिसकावून घेतले की ते पोरगं चोरून वाचणार. त्यापेक्षा शेजारी बसावे, वाचू द्यावे आणि विचारावे, "बाळा, यात एकलव्याचा अंगठा कुणी मागितला? तू असतास तर दिला असतास का?" भिवाने तीच पुस्तके वाचली होती. त्याच्या हातात दुसरे पुस्तक पडले, तेव्हा त्याला तुलना करता आली. आपले काम ते दुसरे पुस्तक हातात ठेवण्याचे आहे.

हे दुसरे पुस्तक कोणते? आमचे पहिले बोट जातककथांकडे जाते. पालीत या कथा ५४७ आहेत. भारहुतच्या स्तूपावर दोन हजार वर्षांपूर्वी त्या दगडात कोरल्या, आणि अजिंठ्याच्या भिंतींवर रंगवल्या. आपल्या मराठीत धर्मानंद कोसंबींनी 'जातककथासंग्रह' दिला आणि दुर्गा भागवतांनी 'सिद्धार्थ जातक' सात खंडांत आणले. हे खंड मोठ्यांनी वाचायचे, मुलांना सरळ हातात द्यायचे नाहीत. आपण वाचून, निवडून, आपल्या भाषेत सांगायचे.

"आभाळ पडलं, पळा पळा" करणारा भित्रा ससा तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. ती जातकातली गोष्ट आहे हे किती जणांना माहीत? तिथे ताडाच्या पानावर बेलफळ पडते आणि सशाला वाटते पृथ्वी फुटली. सगळे जंगल त्याच्या मागे धावते. कुणी विचारत नाही की बाबा, तू बघितलेस काय. एकटा सिंह अडवतो, प्रत्येकाला विचारत विचारत सशापर्यंत येतो, त्याला पाठीवर घेऊन त्या झाडाखाली जातो आणि फळ दाखवतो. मोबाईलवर आलेले काहीही पुढे ढकलणाऱ्या आपल्या मोठ्या मंडळींनाही ही गोष्ट महिन्यातून एकदा सांगायला हरकत नाही!

दुसरी लाव्यांची. पारधी जाळे टाकतो. पुढारी लावा सांगतो की, प्रत्येकाने एकेका भोकातून डोके घालून एकदम उडायचे, जाळे काटेरी झुडपावर टाकायचे आणि खालून निसटायचे. पारधी रोज रिकाम्या हाताने घरी जातो, बायको बोल लावते. तो म्हणतो, थांब जरा, यांच्यात भांडण होऊ दे. आणि होतेच. एकाचा पाय चुकून दुसऱ्याच्या डोक्यावर पडतो. मग, तूच काय एकटा जाळे उचलतोस? जाळे पडते, जो तो दुसऱ्याला म्हणतो तू उचल, आणि पारधी सगळ्यांना टोपलीत भरतो. शाळेच्या पुस्तकात कबुतरे जाळ्यासकट उडून सुटतात तेवढेच असते. आम्ही गिरणीतली माणसे, युनियनच्या सभा पाहिलेली. मुंबईत १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाच्या कहाण्या थोरल्यांच्या तोंडून ऐकत मोठे झालो. आम्हांला विचाराल तर गोष्टीचा दुसरा अर्धा भागही सांगितला पाहिजे.

पण जातक आहे म्हणून डोळे मिटून वाचू नका. तिथे बोधिसत्त्वाचे मागचे जन्म येतात आणि मूल विचारते, "बाबा, आपला पण मागचा जन्म होता?" आत्मा एका देहातून दुसऱ्या देहात जातो हे बाबासाहेबांनी मानले नाही, बुद्धाची ती शिकवण नव्हे असे त्यांनी मांडले आहे. तेव्हा ही गोष्ट आहे, ससा हा ससाच आहे, असे सरळ सांगावे. आणि वेस्संतराची कथा लहानांना सांगू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात ती रंगवली आहे. थायलंडात तिचे तेरा अध्याय, एक हजार गाथा, उत्सवात मोठ्या श्रद्धेने म्हणतात. तिचा मान मोठाच. पण त्यात बाप आपली दोन लेकरे एका म्हाताऱ्याला दान देऊन टाकतो. सहा वर्षांचे मूल रात्री अंथरुणात आपल्या बापाकडे कसे बघेल याचा विचार करा. पोरं मोठी झाली की वाचतील आणि वादही घालतील.

आता आमच्या आवडीची गोष्ट, जी बाजारातल्या रंगीत पुस्तकांत आम्हांला क्वचितच दिसली. तिचे नाव अंब जातक. बोधिसत्त्व चांडाळ कुळात जन्मलेला आहे आणि त्याच्याकडे अवेळी आंबे आणण्याची विद्या आहे. एक ब्राह्मण तरुण त्याच्या वस्तीत राहतो, लाकडे आणतो, पाणी भरतो, पडेल ते काम करतो आणि ती विद्या मिळवतो. गुरू एकच सांगतो, राजा विचारील तेव्हा माझे नाव लपवू नकोस. लपवलेस तर विद्या जाईल. पोरगा नगरात येतो, नाव होते, राजाच्या बागेत सर्वांसमोर आंब्याला फळ आणतो. राजा खूश. विचारतो, कुणाकडे शिकलास? त्याला वाटते, चांडाळाचे नाव घेतले तर लोक हसतील. म्हणतो, तक्षशिलेच्या मोठ्या आचार्यांकडे. झाले! पुढच्या वेळी राजा आंबे मागतो आणि याला मंत्र आठवत नाही. मग म्हणतो काय, आज नक्षत्र बरोबर नाही! इथे मुले हमखास हसतात. राजा खोदून विचारतो तेव्हा खरे बाहेर येते. राजा संतापतो, की ज्याने शिकवले तो गुरू, त्याची जात कसली बघतोस? गुरूकडे परत जाऊन क्षमा माग म्हणून त्याला हाकलतो. पण गेलेली विद्या परत मिळत नाही.

ही गोष्ट आम्ही मुद्दाम का सांगतो? आपली मुले शिकली, कंपनीत, बँकेत लागली, आनंद आहे. पण कुणी विचारले, कुठले राहणारे, वडील काय करतात, की काही जणांची जीभ अडखळते. वस्तीचे नाव बदलून जवळच्या कॉलनीचे नाव सांगतात. गिरणीतला बाप 'सर्व्हिसला' होतो. आम्ही त्यांना दोष देत नाही. भाड्याने खोली मागताना आडनाव ऐकून दार बंद होते, हे आम्हांलाही माहीत आहे. पण हे लपवणे मुलाच्या अंगात शिरण्याआधी, आठव्या-नवव्या वर्षी, ती आंब्याची गोष्ट त्याच्या कानावर पडलेली असावी.

बुद्धचरित्राची चित्रमय पुस्तके घेताना एक गोष्ट पाहा. जवळजवळ प्रत्येकात राजपुत्र रथातून जातो, म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहतो आणि रात्री घर सोडतो. बाबासाहेबांनी यावरच बोट ठेवले की, एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा किंवा आजारी माणूस पाहिलाच नव्हता काय? त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात झालेला तंटा, युद्धाला सिद्धार्थाचा विरोध आणि त्यासाठी पत्करलेला देशत्याग सांगितला. रथाचे पुस्तक फेकू नका. दोन्ही सांगा आणि मुलालाच विचारा, तुला कोणते खरे वाटते? आमच्या एका नातवाने सांगितले, "पाण्याचं खरं, आपल्या नळावर पण भांडणं होतात." पुढे काही समजावण्याची गरजच पडली नाही.

सणाचे म्हणाल तर श्रीलंकेतल्या लोकांकडून शिकावे. तिथे वैशाख पौर्णिमेला चौकाचौकांत उंच तोरणे उभारतात, त्यांवर चित्रांच्या चौकटी, रंगीत दिवे, आणि एखादी जातककथा क्रमाने दाखवतात. बाजूला कर्ण्यावरून कथा सांगितली जाते. आपण कर्णा लावतो तो कशासाठी, हे आम्ही इथे बोलत नाही. ज्येष्ठ पौर्णिमा महेंद्र थेरांची. लंकेत त्यांनी राजा तिस्साची परीक्षा आंब्याच्या झाडावरून घेतली. हे कोणते झाड? आंबा. याशिवाय दुसरे आंबे आहेत? पुष्कळ. आंबे सोडून दुसरी झाडे? तीही पुष्कळ. मग ते दुसरे आंबे आणि ती बिनआंब्याची झाडे सोडली तर काय उरते? राजा म्हणाला, हा समोरचा आंबा! हे कोडे पोरांना घाला, अर्धा तास कुणी जागचे हलणार नाही. आणि १४ ऑक्टोबरला उपाली न्हाव्याची गोष्ट सांगावी. शाक्य राजपुत्रांनी बुद्धाला विनंती केली की, आमच्या आधी याला दीक्षा द्या, म्हणजे आम्हांला याच्यापुढे वाकावे लागेल आणि आमचा गर्व उतरेल.

खरेदीबद्दल थोडक्यात. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर, दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांची रांगच्या रांग लागते. तिथे मोठ्यांच्या ग्रंथांबरोबर एक पुस्तक पोराच्या मापाचे घ्यावे. अक्षर मोठे आहे का बघा. चित्र बघा. चांडाळ काळा-विद्रूप आणि राजपुत्र गोरापान असेल तर मुलाला त्याबद्दल विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालयाची पुस्तके स्वस्त असतात. बालभारतीचे 'किशोर' १९७१ पासून निघते, त्याचा दिवाळी अंक घ्यावा. 'अमर चित्र कथा'मध्ये जातकांचे अनेक भाग आहेत आणि बाबासाहेबांवरचा अंक १९७९ साली निघाला. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी चितारलेले 'भीमायन' २०११ चे, जरा मोठ्या मुलांसाठी. 'चांदोबा' आता निघत नाही, पण कुणाच्या माळ्यावर जुने अंक असतील तर रद्दीत घालू नका, विहारात आणून द्या. विक्रम-वेताळ वाचून कुणाचा धम्म बुडत नाही.

ज्या आयाबायांना वाचता येत नाही त्यांनी मागे सरायचे कारण नाही. अजिंठ्याच्या भिंती काही फक्त वाचता येणाऱ्यांसाठी रंगवल्या नव्हत्या. चित्र दाखवून सांगा, पोरगं अक्षरे वाचेल.

समितीपुढे आमची मागणी अशी. या वर्षी वर्गणीतून विहारात एक कपाट घ्यावे, खालचे दोन कप्पे मुलांच्या हाताला पोहोचतील असे आणि बिनकुलपाचे. पुस्तके फाटतील. फाटू द्या, आम्ही डिंक आणि कापडी पट्टी घेऊन महिन्यातून एक रविवार बसू, धागा सांधण्याची सवय आहेच. दर पौर्णिमेला वंदनेनंतर अर्धा तास मुलांचा ठेवावा, आणि त्यात भाषण कुणाचेच नको, आमचेही नको. येत्या पौर्णिमेची गोष्ट सांगायला महिला मंडळाने दोन नावे द्यावीत. आंब्याची गोष्ट त्यांनी घेतली तर आम्ही लाव्यांची घेऊ.

जय भीम. नमो बुद्धाय.